पंप फेकणाऱ्यांचे गणित

घरातल्या उभ्या पंपाने हवा धरायचे सोडले की चहूकडून एकच सल्ला येतो: टाकून द्या, नवा घ्या. सल्ला देणारी माणसे उधळी नसतात, चांगली हिशेबी असतात. त्यांचे म्हणणे असे, की साधा पंप हजार रुपयांच्या आत मिळतो. तो उघडून बसायचे म्हणजे रविवारची सकाळ गेली. सुटे भाग बाजारात नाहीत. असले तरी दुरुस्त केलेल्या पंपाचा भरवसा काय. आणि हवाच भरायची तर बटण दाबले की भरून आपोआप थांबणारे, बॅटरीवरचे छोटे यंत्र आता घरपोच मिळते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हवाय कशाला?

यातली कोंबडी कोणती आणि मसाला कोणता, हे आधी ठरवू. सल्लागारांच्या लेखी पंप ही कोंबडी आणि दुरुस्ती हा मसाला. प्रत्यक्षात बिघडलेली असते एक वाटीच्या आकाराची, नाण्याएवढी चकती. तिच्यापायी ही मंडळी भक्कम पाया, पोलादी दांडा, नळकांडे, नळी, नोझल आणि दाब दाखवणारा काटा असा सगळा ऐवज भंगारात घालायला निघालेली असतात. पुन्हा बाजारातून आणतात काय, तर तसाच पाया, तसाच दांडा आणि पुन्हा एकदा वाळणारी तशीच चकती. म्हण बरोबर आहे, लावणारे तिला उलटी लावतात.

मुळात ‘पंप गेला’ हे विधानच ढोबळ आहे. उभ्या पंपात हलणाऱ्या गोष्टी फार थोड्या. दांड्याच्या खालच्या टोकाला नटाने आवळलेली एक वाटी असते. जुन्या पंपात चामड्याची, नव्यात रबराची, किंवा तिच्या जागी नुसती ओ-रिंग. सायकलच्या दुकानात हिला वायसर म्हणतात, आपणही तेच म्हणू. वाटीचे तोंड खाली. मूठ वर ओढली की वाटीची कड आत दबते आणि वरची हवा कडेने खाली उतरते. मूठ खाली दाबली की तीच हवा वाटीत शिरून कड बाहेर फुगवते, कड नळकांड्याला चिकटते आणि हवेला नळीखेरीज दुसरी वाट उरत नाही. पायात एक झडप असते, कधी छर्र्याची, कधी रबरी पडद्याची. ती गेलेली हवा परत येऊ देत नाही. काही अगदी साध्या पंपांत ही झडपही नसते, तिथे ट्यूबचा व्हॉल्व्हच ते काम करतो. यंत्र संपले.

या यंत्रातली हुशारी सगळी त्या वाटीत आहे. दाब जितका वाढेल तितकी ती जास्त घट्ट बसते. जोसेफ ब्रामा यांनी लंडनमध्ये १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा दट्ट्याच्या कडेने पाणी झिरपत राहायचे ही मोठी अडचण होती. बाहेरून आवळावे तर दट्ट्या हलेना, सैल सोडावे तर पाणी गळे. त्यांच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले यांनी चामड्याची अशी कड घडवली की आतला दाबच तिला घट्ट करील, असे त्या काळाबद्दलचे वृत्तान्त सांगतात. आपल्या जिन्याखाली धूळ खात उभा असलेला पंप याच युक्तीवर चालतो. आणि ही युक्ती मोडते ती एकाच तऱ्हेने: कड कडक होते. कडक झालेली कड फुगत नाही, नळकांड्याला टेकत नाही, हवा कडेने वर निसटते. धातूला काहीच झालेले नसते.

कड कडक होण्याचे एक कारण तळाशी हात लावला की कळते. हवा दाबली की तापते. तिशीच्या तापमानाची हवा एकदम पाचपट दाबली, तर गणिताने ती २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जायला हवी. प्रत्यक्षात तेवढी जात नाही, नळकांड्याचा धातू बरीच उष्णता ओढून घेतो. तरी प्रत्येक दाबाला वायसर, झडप आणि नळीचे बूड ही तिघे तापत असतात, तेल आटत असते. वरून बाल्कनीतला एप्रिल-मे.

आता वेळेचा मुद्दा. ‘माझा एक तास पंपापेक्षा महाग आहे’ असे ऐटीत सांगितले जाते. रविवारी सकाळी नऊ ते दहा या वेळेत या गृहस्थांना कोण पैसे देत असते ते मला ठाऊक नाही; मोबाइलवर दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ पाहण्याचे बिल त्यांनी कोणाला पाठवल्याचेही ऐकिवात नाही. पण ते सोडू. नवा पंप घ्यायला वेळ लागत नाही, हे गृहीतच चूक आहे. चार पंपांची तुलना, तारांकित अभिप्रायांचे वाचन, आपल्या सायकलच्या व्हॉल्व्हला नोझल बसते का याची शंका, बसले नाही की परत पाठवायचा खटाटोप. हा वेळ हिशेबात धरायचा नाही आणि पाना फिरवायला लागलेली मिनिटे मात्र मोजायची, अशी ही जमाखर्चाची रीत आहे.

शिवाय तास लागतो कुठे? कुठे बिघडले हे पंप स्वतःच सांगतो. घरातल्या कुणाला तरी नळी पायाजवळ दुमडून घट्ट धरायला सांगा आणि मूठ दाबा. मूठ कुठेही न अडता तळाला गेली तर वायसर. अडली आणि अंगाचा भार टाकूनही पुढे जाईना, तर वायसर ठणठणीत आहे, गळती पुढे नळीत किंवा नोझलमध्ये आहे. आणि टायरला लावून हवा मारताना हात सैल सोडला की मूठ आपली आपण वर येत असेल, तर पायातली झडप. याला इंजिनिअर लागत नाही, विसरलेली शाळाही पुरते.

यातले नळी आणि नोझलचे दुखणे तर इतके किरकोळ की त्यासाठी पंप टाकणाऱ्याला काय म्हणावे! नळी फुटते ती बहुतेक टोकाशी, जिथे ती वारंवार वाकते. तेवढा बोटभर तुकडा कापायचा, उरलेली नळी कोमट पाण्यात थोडी मऊ करून पुन्हा निप्पलवर चढवायची आणि क्लिप आवळायची. नळी बोटभर आखूड झाली याने कोणाचे काही बिघडत नाही. (चिकटपट्टी गुंडाळू नका. ती लाज झाकते, हवा झाकत नाही.) नोझलमध्ये रबराची एक जाड कडी असते. व्हॉल्व्हवर बसून बसून तिची एक बाजू रुंदावते. नोझलचे टोपण फिरवून काढा, कडी उलटी करून बसवा. दुसरी बाजू कोरी असते. झडपेत बहुधा वाळूचा कण किंवा सुकलेल्या ग्रीसचा खडा अडकलेला असतो. तो काढला, जागा फडक्याने पुसली, छर्रा परत ठेवला की काम झाले.

वायसर मात्र नीट बघण्यासारखा असतो. नळकांड्याच्या वरचे टोपण बहुतेक पंपांत आट्यांचे असते; हाताने न फिरले तर फडके गुंडाळून पक्कड लावावी. टोपणासकट दांडा वर ओढला की आधी काळपट, मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस निघते आणि त्याच्या खाली वायसर दिसतो. त्याची कड बाहेर पसरलेली असायला हवी, ती आत वळून दांड्याशी मिटलेली असते. बाहेरून नळकांड्यावर घासून आरशासारखी चकचकीत, आतून भेगाळलेली. नखाने दाबले तर पुठ्ठ्यासारखा टक्क आवाज येतो. नट काढायचा, वरखालच्या धातूच्या चकत्या कोणत्या क्रमाने होत्या ते लक्षात ठेवायचे किंवा मोबाइलवर फोटो काढायचा. चामडे कुजून फाटलेले नसेल तर नवा वायसर आणायचीही गरज नाही. रात्रभर तेलात बुडवा, सकाळी अंगठा आत घालून कड गोल फिरवत बाहेर उमलवा, तोंड खाली ठेवून परत आवळा. नळकांड्यात घालताना कड एका बाजूला दुमडून अडकते. तिथे घाई केली तर चामडे चिरते. दांडा हळूहळू फिरवत, कड बोटाने आत सारत घातला की एका क्षणी तो आपसूक आत सरकतो आणि खालून हवेचा विरोध लागतो. नळी चिमटीत धरून तो विरोध हाताला जाणवला, की पंप टाकून द्यायचा विचार कोणाच्या डोक्यात आला होता याचे हसू येते.

तेल कोणते, यावर मात्र माझे ठाम मत आहे. आपल्याकडे हाताशी असते खोबरेल, आणि तेच घालायची पद्धत आहे. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजते. म्हणजे नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे, नेमके सायकल बाहेर काढायच्या वेळी, वायसर आखडून बसणार. एरंडेल थंडीतही ओले राहते, चामड्यात मुरते, आणि पंपातल्या नैसर्गिक रबराच्या भागांना फुगवत नाही. गाडीचे खनिज ग्रीस चामड्याला चालते, नैसर्गिक रबराला नाही. रबर फुगते, मऊ पडते. रॉकेलने तर नळकांडे पुसल्यावर ते पूर्ण उडाल्याशिवाय रबर आत घालूच नये. रबरी वायसर किंवा ओ-रिंग असलेल्या पंपाला सिलिकॉन ग्रीसचे बोट पुरे.

‘सुटे भाग मिळत नाहीत’ हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवे. काचेच्या दारांच्या, थंडगार सायकल-दालनांत वायसर मागितला तर विक्रेता आपल्याकडे संशयाने बघतो, हे खरे. पण तालुक्याच्या गावातल्या किंवा जुन्या पेठेतल्या, बाहेर पंप साखळीने बांधून ठेवणाऱ्या सायकल दुकानात विचारा. त्या पंपावर दिवसभर माणसे हवा मारत असतात, त्याला वायसर लागतोच. नेताना जुना वायसर किंवा निदान नळकांड्याच्या आतल्या व्यासाचे माप सोबत न्या. चांगल्या परदेशी बनावटींची गोष्ट तर आणखी सोपी. इटलीत १९१७ साली सुरू झालेल्या सिल्काच्या पंपांत चामड्याचा वायसर असतो आणि तो सुटा मिळतो; तैवानच्या टोपीकचेही दुरुस्तीचे संच मिळतात. पंप महाग असूनही लोक तो का घेतात, याचे एक कारण हेच.

आणि काहीच मिळाले नाही तर वायसर घरी बनवता येतो. त्याला बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेले, म्हणजे कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या जातीचे चामडे लागते. क्रोमने कमावलेले मऊ, पर्सचे चामडे ओले करून दाबले तरी आकार धरत नाही. चप्पल बनवणाऱ्याकडे पातळ कातरण मागा. पाण्यात भिजवा, नळकांड्याच्या आतल्या व्यासाएवढ्या गोल भोकात गोल ठोकळ्याने दाबून ठेवा, वाळू द्या, कड सारखी कापा, मध्ये भोक पाडा, एरंडेलात बुडवा. पहिला वायसर कदाचित वाकडा होईल. कातरणीत दोन-तीन होतातच.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे तांत्रिक माणसांना ठीक, घरच्या बायाबापड्यांना कसे जमावे? या आक्षेपाची मला गंमत वाटते. स्वीडनमध्ये १८९२च्या सुमारास निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्या चाळींत, वाड्यांत, खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या पेटत होता. त्याच्या टाकीला बाजूने जो छोटा पंप असे, त्यातही हाच चामड्याचा वायसर. स्टोव्ह हवा धरेना झाला की तो दांडा ओढून काढणे, वायसर तेलात बुडवणे, कड पसरवून परत घालणे हे काम ज्या बायका करत, त्यांनी कधी स्वतःला तंत्रज्ञ म्हणवून घेतले नाही. स्वयंपाक अडला होता, म्हणून त्या ते करत. बर्नरला पिन मारण्याइतकेच ते रोजच्या कामात मोडे. सायकलचा पंप म्हणजे त्याच पंपाचा थोरला भाऊ, आणि याच्यात आगीची भीतीही नाही.

बिघडलेला नसतानाही पंप टाकला जातो, हा या प्रकरणातला सर्वांत वैतागाचा भाग. ‘पूर्वी हवा सहज भरायची, आता मूठ जात नाही’ अशी तक्रार घेऊन लोक नवा पंप घेतात. मूठ किती जड लागणार हे नळकांड्याच्या जाडीवर आणि टायरातल्या दाबावर ठरते, पंपाच्या वयावर नाही. आतून ३० मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. ६० पीएसआय दाबाला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वाचार किलोच्या आसपास, मुठीवर साधारण ३० किलो भार द्यावा लागतो. तोच पंप ४० मिलिमीटरचा असेल तर ५३ किलो. म्हणून जाड नळकांड्याचा पंप सुरुवातीला झपाझप भरतो आणि शेवटी अंगावर येतो. बारीक पंप सुरुवातीला रडवतो आणि शेवटी सोपा जातो. रुंद टायरांच्या जुन्या सायकलीसाठी घेतलेला जाड पंप मुलाच्या बारीक टायरांच्या नव्या सायकलला लावला, की तो बिचारा ‘बिघडतो’. तसेच आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये जी रबरी नळी असते, ती उघडायलाच थोडा दाब लागतो. त्यामुळे काटा जो आकडा दाखवतो तो टायरातला नसतो, मारताना नळीत असलेला असतो. यात काट्याचाही दोष नाही आणि पंपाचाही.

राहिले बॅटरीवरचे यंत्र. ज्याच्याकडे मोटार आहे, ज्याचे मनगट दुखते, ज्याला रात्री रस्त्यात हवा भरावी लागते, त्याने ते जरूर घ्यावे. पण घरातल्या पंपाच्या जागी ते ठेवणाऱ्यांनी एकदा ते उघडलेले चित्र बघावे. आत मोटर आहे, गिअर आहेत, आणि त्या सगळ्यांच्या टोकाला बोटाएवढ्या नळकांड्यात वरखाली होणारा दट्ट्या आहे, आणि त्या दट्ट्याला कडी आहे. म्हणजे वायसर गेला नाहीच. तो आता अशा जागी जाऊन बसला आहे जिथे आपला हात पोचत नाही. शिवाय सोबत लिथियमचे सेल आले, जे न वापरताही म्हातारे होतात आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत लवकर होतात. पंप मेला तर भंगारवाला वजनावर पैसे देतो. हे मेले तर तो ई-कचरा. सायकलला दहा-पंधरा दिवसांतून एकदा हवा मारण्यासाठी एवढे लटांबर!

पेट्रोल पंपावर फुकट हवा मिळते, हाही एक युक्तिवाद. तिथली नोझल मोटारीच्या व्हॉल्व्हची असते. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हला ती बसत नाही, अॅडॉप्टर लागतो. बसली तरी सायकलच्या टायरात हवा मावते ती मोटारीच्या मानाने चिमूटभर, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या एका फुसकीत ती हवी त्याहून जास्त जाऊ शकते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचून आपल्या हाताने भरणे त्याहून बरे.

आता माझ्याच बाजूच्या मंडळींशी थोडे भांडण. दुरुस्तीचा पक्ष घेणारे बरेचजण ‘पूर्वीच्या वस्तू कशा दणकट होत्या’ असा सूर लावतात आणि तिथेच वाद हरतात. पूर्वीचे पंप काही दणकट नव्हते. त्यांचे वायसर उन्हाळ्यात वाळत, पावसाळ्यात बुरशी धरत, आणि रेल्वेच्या वाघिणीसारखे जड ते पंप वाटेल तेव्हा हवा सोडत. पण ते उघडता यायचे, एवढाच त्यांचा गुण, आणि माझ्या मते तेवढाच पुरेसा.

हा वाद आपल्या मातीत एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, आणि तोही पंपावरूनच. गावोगावच्या विंधन विहिरींवर आधी बसवलेले बिडाचे हातपंप एका घराच्या वापरासाठी घडवलेले होते. अख्खे गाव त्यावर पाणी भरू लागल्यावर ते भराभर मोडू लागले. त्यावर जालन्याच्या मिशनच्या यंत्रशाळेत पोलादी पंप तयार झाला, पुढे सोलापूरच्या वेल सर्व्हिसने त्यात सुधारणा केली, आणि त्या सोलापूर पंपाच्या आधारावर १९७०च्या दशकात युनिसेफच्या साह्याने इंडिया मार्क-२ हा हातपंप उभा राहिला, जो नंतर जगभर गेला. पंप वरून भक्कम झाला, तरी खोल विहिरीत त्याच्या दट्ट्याला चामड्याच्या वाट्याच होत्या आणि त्या झिजतच होत्या. वाटी बदलायची तर सगळे पाइप वर ओढावे लागत. त्याला गाडी लागे, माणसांचे पथक लागे, आणि पथक येईपर्यंत गाव ओढ्यावर. मग मार्क-३ मध्ये पाइप रुंद केला, म्हणजे दट्ट्या पाइपाच्या आतूनच वर ओढून काढता यावा आणि गावातल्याच माणसांना वाटी बदलता यावी. चामड्याच्या जागी नायट्राइल रबरही आले. वाटी झिजणारच हे त्या लोकांनी मान्य केले, आणि तिच्यापर्यंत हात पोचवण्यावर डोके चालवले.

सायकलच्या पंपाबाबत आपण नेमकी उलटी मागणी करत आहोत. चकाकी, दोन तोंडी नोझल, मोठा काटा, हलके वजन, हे सगळे विचारतो. टोपण आट्यांचे आहे की कायमचे दाबून बसवलेले, हे विचारत नाही. मग कारखानदाराने आटे का पाडावेत? भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने असे चार विभाग आधी घेतले. पंपासारखी फुटकळ वस्तू असल्या यादीत यावी अशी माझी अपेक्षाही नाही. दुकानात उभे राहून टोपणाला हात घालून बघणे, फिरते का ते पाहणे, फिरत नसेल तर शेजारचा पंप उचलणे, याला सरकार लागत नाही.

एक मान्य करायलाच हवे, की सगळे पंप वाचत नाहीत. नळकांडे आपटून चेपले असेल तर त्यात कोणताही वायसर धड बसणार नाही. प्लास्टिकचा पाया झडपेच्या घरापाशी तडकला असेल तर चिकटवलेला जोड दाबाखाली पुन्हा सुटतो, आणि दाबाखाली सुटलेले प्लास्टिक पायावर उडते, तेव्हा तिथे हट्ट करू नये. काट्याच्या आत पितळी वाकडी नळी असते. १८४९ साली युजीन बूर्दाँ यांनी पेटंट घेतलेली हीच रचना आजही चालते. ती नळी एकदा मर्यादेपलीकडे ताणली गेली की काटा शून्यावर परतत नाही. तो घरी सुधारत बसू नका. दाब मोजायला सुटा गेज घ्या आणि पंप वापरत राहा. काटा चुकतो म्हणून हवा भरायची थांबत नाही. आणि टोपण कायमचे दाबून बसवलेल्या पंपाची नळी किंवा नोझल गेली असेल तर ती बदलता येते, पण वायसर गेला असेल तर खरोखरच इलाज नाही. तो पंप विकणाऱ्याने विकतानाच टाकून दिलेला होता, आपण फक्त उशिरा टाकतो.

असा मेलेला पंपही अख्खा भंगारात घालू नये. नळी आणि क्लिपा काढून ठेवाव्यात, नोझल काढून ठेवावी, पाया लोखंडी असेल तर तो, दांडा आणि मूठही. चेपलेल्या नळकांड्याच्या पंपातला चांगला वायसर तेलात बुडवून एका डबीत ठेवला आणि डबीवर व्यास लिहिला, तर शेजारच्या पंपाला तो लागू पडतो. आमच्या इमारतीत कोणी पंप टाकायला निघाले असेल तर घंटागाडीच्या आधी मला सांगावे. नोझल आणि नळी मी घेईन. काटा हवा त्याने न्यावा.